काट्याभोवती जमलेले सैनिक : इल्या मेचनिकॉव्ह

पायात बाभळीचा काटा मोडला म्हणजे काय होते, हे आपल्या भागातल्या कुणालाही सांगावे लागत नाही. पहिल्या दिवशी ठणका लागतो. दुसऱ्या दिवशी ती जागा लाल होते, सुजते, हाताला गरम लागते. पुढे तिथे पू धरतो आणि कधी कधी त्या पुवाबरोबर काटाही बाहेर येतो. मराठीत आपण याला सूज म्हणतो, कन्नडमध्ये बावु म्हणतात आणि वैद्यकात दाह. लेप लावावा, पोटीस बांधावी आणि हा दाह एकदाचा उतरवावा, एवढाच सर्वसामान्य माणसाचा त्याच्याशी संबंध. पण दाह हा नुसता विकार नसून शरीराने दिलेली झुंज आहे, हे १८८२ साली एका माणसाने एका साध्या काट्याच्या साहाय्याने दाखवून दिले. त्याचे नाव इल्या मेचनिकॉव्ह.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. जमाखर्चाच्या वह्यांत रमणाऱ्याने प्राणिशास्त्रज्ञाचे चरित्र लिहावे, याचे वाचकांना नवल वाटेल. कारण घरगुतीच आहे. माझ्या आजीच्या बोटांचे सांधे गेली काही वर्षे सुजतात. सकाळी तिला भाकरी थापता येत नाही, लुगड्याची गाठ मारता येत नाही. हा कसला संधिवात, असे विचारल्यावर डॉक्टरांनी सांगितले, की शरीराचे रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशीच तिच्या सांध्यांत शिरून नासधूस करीत आहेत. राखणदारानेच घर लुटावे तसे हे झाले! हे राखणदार कोण, ते कुणाच्या हाकेने येतात आणि त्यांना परत कसे पाठवावे, या प्रश्नांच्या मागे लागून ग्रंथालयात गेलो, तेव्हा मेचनिकॉव्हची गाठ पडली.

मेचनिकॉव्हचा जन्म मे १८४५ मध्ये खारकॉव्ह प्रांतात झाला. तेव्हा हा प्रदेश रशियन साम्राज्यात होता, आज तो युक्रेनमध्ये आहे. वडील सैन्यातले अधिकारी आणि जमीनदार होते, आई ज्यू घराण्यातून आलेली, सुशिक्षित आणि समंजस. पाच भावंडांत इल्या धाकटा. तो इतका चळवळ्या होता, की घरात त्याला पारा म्हणत. आठव्या वर्षीच त्याला फुलापानांचे वेड लागले. भावंडांना आणि शेजारच्या मुलांना गोळा करून तो वनस्पतिशास्त्रावर व्याख्यान देई, आणि ऐकणाऱ्यांनी उठून जाऊ नये म्हणून आपल्या खाऊच्या पैशांतून त्यांना मोबदला देई. व्याख्यानासाठी श्रोत्यांनाच फी देणारा असा प्राध्यापक विरळाच!

पुढे त्याला डॉक्टर व्हायचे होते. पण आईने त्याला त्यापासून परावृत्त केले. दुसऱ्याचे दुःख पाहून कासावीस होणाऱ्या या मुलाला रोज रोग्यांच्या खाटेपाशी उभे राहणे सोसणार नाही, असे तिला वाटले. तो निसर्गविज्ञानाकडे वळला. खारकॉव्ह विद्यापीठातला चार वर्षांचा अभ्यासक्रम त्याने दोन वर्षांत संपवला आणि १८६४ साली, एकोणीस वर्षांचा असताना, तो पदवीधर होऊन जर्मनीला गेला. तिथे गीसन येथे एका चपट्या जमिनीवरच्या किड्यात त्याला असे दिसले, की त्याच्या पेशी अन्नाचे कण सरळ आपल्या पोटात घेतात आणि तिथेच पचवतात. अमीबासारखा एकपेशीय जीव जे करतो तेच अनेकपेशीय प्राण्याच्या पेशीही करतात, एवढीच ती नोंद होती. तिचे मोल कळायला अठरा वर्षे जावी लागली.

नेपल्सच्या समुद्रकाठी त्याला अलेक्झांडर कोवालेव्स्की हा समानशील मित्र भेटला. दोघांनी मिळून समुद्रातल्या अपृष्ठवंशीय प्राण्यांची अंडी आणि अळ्या तपासल्या, आणि १८६७ साली दोघांना फॉन बेअर पारितोषिक विभागून मिळाले. १८७० साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, मेचनिकॉव्ह ओडेसाच्या विद्यापीठात प्राणिशास्त्राचा प्राध्यापक झाला.

इथपर्यंत वाचले तर वाटते, काय भाग्यवान माणूस! पण घरची कहाणी वेगळी होती. १८६९ साली त्याने ल्युडमिला फेओदोरोविच हिच्याशी लग्न केले. ती क्षयाने इतकी खंगली होती, की तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये आणावे लागले. पुढची चार वर्षे तो तिला घेऊन उबदार हवेच्या शोधात गावोगाव हिंडला. भाषांतरे केली, उसनवार केली, स्वतःचे डोळे बिघडवून घेतले. शेवटी १८७३ च्या एप्रिलमध्ये मदीरा बेटावर ती वारली. मेचनिकॉव्हला जगण्यात अर्थ वाटेना. त्याने स्वतःचा जीव घेण्याचा प्रयत्न केला, पण तो वाचला. त्या काळोख्या दिवसांत जिनीव्हात एका संध्याकाळी त्याला पुलावरच्या दिव्याभोवती घोंघावणारे कीटक दिसले. काही तासच जगणाऱ्या अशा जिवांना निसर्गनिवडीचा नियम कसा लागू पडत असेल, असा प्रश्न त्याच्या मनात आला, आणि त्या प्रश्नाने त्याला पुन्हा कामाकडे ओढून नेले. ही हकिगत त्याच्या दुसऱ्या पत्नीने, ओल्गाने, लिहिलेल्या चरित्रात आहे.

ओल्गाशी त्याचे लग्न १८७५ साली झाले. १८८० साली ती विषमज्वराने मरणाच्या दारात जाऊन आली. तेव्हा मेचनिकॉव्ह पुन्हा खचला आणि १८८१ साली त्याने उलटून येणाऱ्या तापाच्या रोग्याचे रक्त स्वतःला टोचून घेतले. हा रोग रक्तातून पसरतो की नाही ते कळेल, आणि आपण मेलो तरी विज्ञानाच्या कामी येऊ, असा त्याचा हिशोब होता. तो फार आजारी पडला, पण उठला. आणि आश्चर्य असे, की या दुखण्यातून उठलेल्या माणसाची वृत्तीच पालटली. जगण्याविषयी ज्याला वैताग होता, त्याला आता जगण्याची गोडी लागली.

त्याच साली झार दुसरा अलेक्झांडर याचा वध झाला. त्यानंतर विद्यापीठात सरकारची दडपशाही आणि विद्यार्थ्यांचा असंतोष यांची कात्री वाढली. १८८२ साली मेचनिकॉव्हने प्राध्यापकपदाचा राजीनामा दिला. ओल्गाच्या माहेरच्या मिळकतीमुळे पोटापाण्याची काळजी नव्हती. तिच्या पोरक्या भावंडांना बरोबर घेऊन हे कुटुंब सिसिलीत मेसिना येथे समुद्राकाठी राहू लागले. नोकरी नाही, प्रयोगशाळा नाही. दिवाणखान्यात एक सूक्ष्मदर्शक मांडलेला, एवढाच काय तो संसार.

नाताळच्या सुमारास एके दिवशी घरची मंडळी सर्कशीतली माकडे पाहायला गेली. मेचनिकॉव्ह एकटाच घरी राहून ताऱ्यामाशाच्या अळीकडे पाहत बसला होता. ही अळी काचेसारखी पारदर्शक असते आणि तिच्या अंगात इकडून तिकडे फिरणाऱ्या पेशी बाहेरूनही दिसतात. त्या पाहता पाहता त्याच्या मनात एक विचार चमकला. या भटक्या पेशी नुसते अन्न खात नसतील. बाहेरून एखादी घातक वस्तू अंगात घुसली, तर तिच्यावरही त्या चालून जात असतील. तसे असेल, तर ज्या अळीला ना रक्तवाहिन्या ना मज्जातंतू, तिच्या अंगात काटा खुपसला असता या पेशी त्याच्याभोवती जमल्या पाहिजेत. माणसाच्या बोटात काच घुसल्यावर जमतात, अगदी तशाच!

घराशेजारच्या लहानशा बागेत मुलांसाठी संत्र्याच्या जातीचे एक झाड नाताळचे झाड म्हणून सजवले होते. बागेतल्या गुलाबाचे काही काटे त्याने तोडले आणि अळ्यांच्या पारदर्शक कातडीखाली हलकेच खुपसले. त्या रात्री त्याला झोप लागली नाही. पहाटे उठून पाहतो, तर प्रत्येक काट्याभोवती भटक्या पेशींचा गराडा पडलेला! सदतीस वर्षांच्या या प्राणिशास्त्रज्ञाचा त्या पहाटे विषयच बदलला. तो रोगशास्त्राचा संशोधक झाला.

हा प्रयोग इतका महत्त्वाचा का, हे समजण्यासाठी त्या काळचे मत लक्षात घेतले पाहिजे. दाह झालेल्या जागी पांढऱ्या पेशी जमतात, हे डॉक्टरांना माहीत होते. जर्मनीतील कोनहाइमने १८६७ साली बेडकाच्या अंगात त्या रक्तवाहिनीच्या भिंतीतून बाहेर पडताना प्रत्यक्ष पाहिल्या होत्या. पण या बाहेर पडण्याचा अर्थ लावताना दोष रक्तवाहिनीकडे जाई. वाहिनी बिघडली म्हणून पेशी पाझरल्या, असे मानले जाई. इतकेच नव्हे, तर पेशींच्या पोटात दिसणारे जंतू त्या शरीरभर पसरवतात, असेही शिकवले जाई. मेचनिकॉव्हच्या अळीला रक्तवाहिनीच नव्हती. तेव्हा वाहिनीच्या बिघाडाचा प्रश्नच उरला नाही. पेशी पाझरल्या नव्हत्या, त्या चालून गेल्या होत्या. ज्याला आपण चोर समजत होतो, तो पहारेकरी निघाला.

१८८३ साली थोर रोगशास्त्रज्ञ फिर्शो मेसिनाला आला असता त्याने हे प्रयोग पाहिले आणि उत्तेजन दिले. मात्र प्रचलित मत अगदी उलट असल्यामुळे जपून पावले टाकावीत, असाही सल्ला दिला. व्हिएन्नात क्लाउस या प्राध्यापकाकडून या पेशींना ग्रीक भाषेतले नाव मिळाले, फॅगोसाइट, म्हणजे भक्षक पेशी. १८८४ साली मेचनिकॉव्हने पाणपिसवांवर प्रयोग केले. हा सुईच्या टोकाएवढा जीव एका बुरशीचे टोकदार बीजाणू गिळतो आणि ते आतड्यातून अंगात शिरतात. भक्षक पेशी वेळेवर जमल्या आणि त्यांनी ते बीजाणू पचवले, तर पिसू वाचते. पेशी कमी पडल्या, तर बुरशी वाढते आणि पिसू मरते. जगणे आणि मरणे यांचा सगळा हिशोब त्या छोट्याशा पारदर्शक अंगात उघड दिसत होता.

पण सत्य दिसणे वेगळे आणि ते लोकांच्या गळी उतरणे वेगळे. १८८६ साली ओडेसात पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावर पाश्चरची लस देणारे केंद्र निघाले, आणि मेचनिकॉव्ह त्याचा प्रमुख झाला. हा डॉक्टर नसताना टोचण्याच्या भानगडीत कसा पडतो, म्हणून स्थानिक वैद्यांनी गहजब केला. त्यातच १८८८ साली काळपुळीची लस टोचलेल्या हजारो मेंढ्या दगावल्या. मेचनिकॉव्हला तिथे राहणे अशक्य झाले. बर्लिनमध्ये कॉखने त्याचे काम थंडपणे घेतले. पॅरिसमध्ये पाश्चरने मात्र आपल्या नव्या संस्थेत त्याला प्रयोगशाळा दिली. १८८८ पासून मरेपर्यंत, अठ्ठावीस वर्षे, तो तिथेच राहिला.

इथे आपल्याकडचा एक धागा या कथेत मिळतो. ओडेसातला मेचनिकॉव्हचा एक विद्यार्थी ज्यू असल्यामुळे त्याला रशियात नोकरीची वाट बंद होती. मेचनिकॉव्हच्या खटपटीने त्याला पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात साधी जागा मिळाली. त्याचे नाव वाल्देमार हाफकिन. १८९३ साली तो हिंदुस्थानात आला. मुंबईत प्लेगने थैमान घातले, तेव्हा जानेवारी १८९७ मध्ये त्याने आपली नवी लस आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्याच्याच नावाने आहे. प्लेगच्या त्या साथीत हुबळीतही ही लस मोठ्या प्रमाणावर टोचण्यात आली. मेचनिकॉव्हने एका निराधार विद्यार्थ्याला दिलेला हात असा आपल्या दारापर्यंत पोचला होता.

पॅरिसमध्येही लढाई संपली नाही. १८९० साली बेरिंग आणि जपानी संशोधक कितासातो यांनी दाखवले, की रोगाला पुरून उरलेल्या जनावराच्या नुसत्या रक्तरसातही विषाला मारणारे द्रव्य असते. १८९४ साली फायफरने पेशींच्या मदतीवाचून पटकीचे जंतू विरघळलेले दाखवले. मग पेशी हव्यात कशाला, असा सवाल जर्मन पक्षाने केला. राष्ट्राराष्ट्रांमधले वैरही त्यात मिसळले. मेचनिकॉव्ह केस विस्कटून, आवाज चढवून परिषदांमध्ये भांडे. गंमत अशी, की रक्तरसाच्या बाजूचा एक भक्कम पुरावा बोर्दे या तरुणाने १८९५ साली मेचनिकॉव्हच्याच प्रयोगशाळेत शोधला, आणि गुरूने त्याला अडवले नाही. शेवटी १९०३ साली लंडनमध्ये राइट आणि डग्लस यांनी उलगडा केला. रक्तरसातली द्रव्ये जंतूंना चिकटतात आणि मग भक्षक पेशी ते जंतू अधिक सहज गिळतात. म्हणजे दोन्ही पक्ष खरे होते, आणि दोन्ही अपुरे. १९०८ चे नोबेल पारितोषिक मेचनिकॉव्ह आणि रक्तरस पक्षाचा पुढारी पॉल एर्लिच या दोघांना विभागून मिळाले, हे योग्यच झाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात भूकंपाने मेसिना शहर जमीनदोस्त झाले.

उतारवयात मेचनिकॉव्ह म्हातारपणाच्या मागे लागला. मोठ्या आतड्यातले कुजवणारे जंतू माणसाला लवकर म्हातारे करतात, आणि आंबवलेल्या दुधातले जंतू त्यांना आवर घालतात, असे त्याचे मत होते. म्हणून तो रोज आंबट दूध घेई, आणि त्याच्यामुळे युरोपात दह्याची लाट आली. जेवणाच्या शेवटी ताक पिणाऱ्या आपल्याला यात काय नवल! पण त्याचा हा सिद्धांत जसाच्या तसा टिकला नाही. मात्र त्याच्या त्याच काळातल्या एका निरीक्षणापाशी मी थबकलो. म्हातारपणी भक्षक पेशी आपल्याच शरीराच्या भागांवर उलटतात, असे त्याने लिहिले होते. तपशिलात तो चुकला असेल, पण राखणदार उलटू शकतो, ही शंका त्या राखणदाराला शोधून काढणाऱ्यालाच आली होती.

त्याचा भाऊ इव्हान न्यायखात्यात होता आणि १८८१ साली मरण पावला. टॉलस्टॉयच्या इव्हान इल्यिचच्या मृत्यूवरील कथेला त्याच्याच मरणावरून प्रेरणा मिळाली. १९०९ साली मेचनिकॉव्ह टॉलस्टॉयला त्याच्या गावी भेटला. १९१४ साली महायुद्ध पेटले, संस्थेतले तरुण आघाडीवर गेले आणि प्रयोगशाळा ओस पडल्या. जुलै १९१६ मध्ये, एकाहत्तराव्या वर्षी, हृदयविकाराने मेचनिकॉव्ह गेला. त्याच्या अस्थी पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात ठेवलेल्या आहेत.

आता माझा मूळ प्रश्न. पेशींना काट्याकडे बोलावते कोण? मेचनिकॉव्हच्या हयातीतच, १८८८ साली, लेबर या नेत्रतज्ज्ञाने दाखवले होते, की पेशी रसायनांच्या ओढीने जातात. वासाच्या मागावर कुत्रा जातो, तसेच ते. पुढे कळले, की या हाकांपैकी काही पेप्टाइडांच्या असतात. पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचा लहानसा तुकडा, अमिनो आम्लांच्या काही मण्यांची माळ. जंतूंच्या प्रथिनांची सुरुवात एका विशिष्ट मण्याने होते. आपल्या पेशी स्वतःची बहुतेक प्रथिने बनवताना तो मणी वापरत नाहीत. १९७५ साली अमेरिकन संशोधकांनी असा मणी असलेल्या छोट्या माळा प्रयोगशाळेत बनवल्या, तेव्हा पांढऱ्या पेशी त्यांच्या दिशेने चालू लागल्या. पेशीच्या अंगावर त्या माळेसाठी कुलूप असते आणि किल्ली लागली, की पेशी त्या दिशेला वळते. आपल्या पेशींमधले ऊर्जेचे कारखाने, मायटोकाँड्रिया, हे मूळचे जंतूंचेच वंशज. त्यामुळे स्वतःचीच पेशी चिरडली, तरीही तीच हाक उठते.

पण हाक आहे तसा मागे फिरण्याचा इशाराही शरीराने ठेवला आहे. संधिवातावर १९४८ पासून कॉर्टिसोन दिले जाऊ लागले. ते काम करते त्या वाटांपैकी एक वाट ॲनेक्सिन नावाच्या प्रथिनातून जाते. हे प्रथिन खुद्द पांढऱ्या पेशींतच असते. त्याच्या अग्रभागाचा पंचवीस मण्यांचा तुकडा उंदरांना टोचून पाहिला, तेव्हा रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटलेल्या पेशींपैकी अनेक सुटून पुन्हा रक्तात वाहून गेल्या आणि भिंत ओलांडून बाहेर पडणाऱ्यांची संख्या घटली. विशेष म्हणजे, हल्ल्याची हाक ज्या जातीच्या कुलपांत लागते, त्याच जातीच्या कुलपांत ही माघारीची किल्लीही लागते. शिवाय मोठ्या भक्षक पेशी मेलेल्या सैनिकांना गिळून रणांगण साफ करू लागतात. हे गिळणेही मेचनिकॉव्हने पाहिलेले होते.

मात्र यावरून औषध तयार झाले, असे कुणी समजू नये. पेप्टाइड पोटात घेतले, तर अन्नासारखे पचून जाते. टोचले, तर रक्तात फार वेळ टिकत नाही. आणि सगळ्याच पेशींना मागे फिरवले, तर खरा जंतू आल्यावर पहाऱ्याला कोण उभे राहणार? जमा आणि खर्च यांचा मेळ घालावा, तसा हाक आणि माघार यांचा मेळ घालण्याचे काम संशोधक अजून करीत आहेत.

हे सगळे मी आजीला माझ्या परीने सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि सुजलेल्या बोटांवरून हात फिरवीत, मग त्या बिचाऱ्या पेशींना घर ओळखू येत नाही असेच ना, असे विचारले. मला याहून चांगले उत्तर सापडले नाही. ज्याने दोनदा स्वतःचा जीव पणाला लावला, त्याच मेचनिकॉव्हने आपल्या शरीरात आपल्या जगण्यासाठी अखंड धडपडणारे कुणीतरी आहे, हे जगाला दाखवले. आपण निराश होऊन बसलो, तरी ते सैनिक निराश होत नाहीत. विद्यार्थिमित्रांनो, परीक्षेच्या दिवसांत मन खचले, तर मेसिनाची ती पहाट आणि काट्याभोवती जमलेल्या त्या पेशी जरूर आठवाव्यात.